तीन कोटेशन आणि एक रिकामी खुर्ची

कौशल्या माहेरी निघाली तेव्हा मी जेवणाच्या टेबलाखाली होतो. टेबलाचा एक पाय आखूड आहे. तो आम्ही टेबल घेतलं तेव्हापासून आखूड आहे आणि त्यावाचून आजवर कोणाचं जेवण अडलं नव्हतं, पण त्या दिवशी मला तो सहन होईना. मी खाली बसून पायाला पुठ्ठा लावत होतो आणि कौशल्या वर खुर्चीवर बसून काहीतरी सांगत होती. "तुम्हाले एक गोष्ट सांगायची आहे," एवढं मी ऐकलं. तेवढ्यात लक्षात आलं की पुठ्ठा जाड होतोय. मी कात्री आणायला उठलो. कात्रीला धार नव्हती म्हणून धार लावायला बसलो. परत आलो तर कौशल्या बॅग घेऊन दारात उभी.

"काय सांगून राहिली होतीस वं?" मी विचारलं.

"काही नाही. मी अंकुशकडे चालली, कुहीले." अंकुश म्हणजे माझा साळा, तिचा धाकटा भाऊ.

"अचानक? काहून?"

"तुम्ही रिटायर झाल्यापासून एका जागी बसले नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "मी तोंड उघडलं की तुम्ही उठता. कधी कूलर पाहता, कधी नळ पाहता. काल मी बोलून राहिली तर तुम्ही मिरचीचे डबे उंचीप्रमाणे लावून राहिले होते. मले थकायले झालं आता. कोणाले तरी दाखवा. ते बोलून इलाज करतात ना, काउन्सेलिंगवाले, त्यायले दाखवा. तुम्हाले बसता येऊ लागलं की फोन करा. मंग येते."

आणि ती ऑटोत बसून गेलीसुद्धा. मी दारात उभा, हातात कात्री. मला फार अपमान वाटला, हे स्पष्टच सांगतो. अख्खी नोकरी मी एका सरकारी कार्यालयाच्या भांडार विभागात काढली. माझ्या सहीशिवाय त्या इमारतीत टाचणी हलली नाही. आणि आता मला 'दाखवा' म्हणे. मुरलेला ताप असल्यासारखं.

रागाच्या भरात मी कूलरची टाकी घासायला घेतली. ती घासून झाली तर टुल्लू पंपाचा आवाज वेगळा येतोय असं वाटलं, म्हणून पंप खोलला. पंप खोलल्यावर तो पुन्हा बसेना. मे महिन्याची दुपार, कूलर बंद, बायको कुहीला, आणि मी बनियनवर, घामाने निथळत, पंपाचा एक उरलेला स्क्रू हातात घेऊन घरभर फिरत होतो. कोणीतरी त्या वेळी मला पाहिलं असतं तर कौशल्याचं म्हणणं लगेच मान्य केलं असतं.

आणि पाहिलंच. भिंतीपलीकडून भैय्याजींचं डोकं वर आलं.

भैय्याजी आमचे शेजारी. बर्डीच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान आहे, आता मुलगा पिंटू सांभाळतो. मीराबाई, त्यांची बायको, मागच्या वर्षी गेल्या. तेव्हापासून त्यांचा सकाळचा चहा आमच्याकडे, दुपारचा चहा आमच्याकडे आणि मधल्या वेळात डोकं भिंतीवर. 

"भाभी गेली?" त्यांनी विचारलं.

"माहेरी. आंबे खायला."

"आंबे खायले कोणी रडत जाते का गा," भैय्याजी म्हणाले.

ती रडत गेली हे मला माहीत नव्हतं. मी स्क्रू खिशात टाकला आणि सगळं सांगितलं. हीच चूक झाली. संध्याकाळपर्यंत कॉलनीत बातमी फिरली की वसंतराव ढोबळे मानसिक झाले.

सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या प्रीतीने सांगितलं की बोलण्याबिलण्याची गरज नाही, तिची एक मैत्रीण लांबूनच हात फिरवून अस्वस्थता काढते, फोटो पाठवला तरी चालतो. मी विचारलं, फोटो हललेला चालेल का, कारण माझे सगळे तसेच येतात. ती रागावली. समोरचे गणपतराव म्हणाले की दहा दिवस मौन धरून बसायच्या शिबिरात जा. मी म्हटलं, मला दहा मिनिटं बसता येत नाही म्हणून तर हे सगळं सुरू आहे. ते म्हणाले, मग दोन वेळा जा. कोणी टाळूला तेल चोळा म्हणालं, कोणी पहाटे अनवाणी गवतावर चाला म्हणालं. गवत आमच्या भागात फक्त कूलरच्या जाळीत असतं.

मी मात्र माणूस नियमाचा. तीन कोटेशन घेतल्याशिवाय मी आयुष्यात काही खरेदी केलेलं नाही. घरचा फ्रीज तीन कोटेशनवर आला. कौशल्याचं स्थळसुद्धा तिसरं होतं, आणि हे मी एकदा तिच्या माहेरी सांगून बसलोय, त्याबद्दल आता बोलत नाही. तर काउन्सेलिंगचंही तसंच करायचं मी ठरवलं. तीन वेगवेगळ्या पद्धतींचे तीन तज्ज्ञ गाठायचे, तिघांना एकच तक्रार सांगायची, एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, मग तुलनात्मक तक्ता करून योग्य तो निवडायचा. या विचाराने मला इतका हुरूप आला की रात्री नीट झोप लागली. सकाळी उठून तक्त्याचे रकाने आखले.

त्याआधी खर्चाची मंजुरी मिळते का ते बघावं म्हणून जुन्या ऑफिसात गेलो. मेडिकल बिलांच्या टेबलावर आता खुशी नावाची मुलगी बसते. पूर्वी ती माझ्या हाताखाली होती.

"बिमारीचं नाव काय लिहू सर?" तिने विचारलं.

"अस्वस्थता."

"यादीत नाही सर. हर्निया आहे, मोतीबिंदू आहे. तुम्हाला हर्निया चालेल का?"

"नाही चालणार. मला झालेला नाही."

"मग असं करा सर, तुम्हाला काही झालेलं नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा. ते लावून आपण अर्ज नामंजूर करू. निदान फाईल तरी पूर्ण होईल." ती फार नम्रपणे बोलत होती. "सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, यादीत नाही ते खडूसुद्धा द्यायचं नाही."

हे मीच शिकवलं होतं. मी चहा न घेता परतलो.

आता सोबतीचा प्रश्न. आमच्या कॉलनीत डॉक्टरकडे एकटं जायची पद्धत नाही. एकटा गेला म्हणजे बिचाऱ्याला कोणी नाही, असं मानतात. आणि सोबत जाणाऱ्याचं काम नुसतं जाण्याचं नसतं. दुखणं तोच सांगतो. पेशंटने जीभ दाखवायची आणि सोबतीने, "रात्रीपासून तीनदा गेला डॉक्टरसाहेब, मी तर म्हणलं होतं वांग्याची भाजी खाऊ नको," असं सगळं सांगायचं. मी स्वतः गणपतरावांच्या मूळव्याधीची हकिकत इतकी तपशिलात सांगितली होती की डॉक्टरांनी आधी मलाच पलंगावर झोपायला सांगितलं. तेव्हा भैय्याजी इस्त्रीचा शर्ट घालून, "चाल गा," म्हणत स्कूटरवर मागे बसले, यात मला काही वावगं वाटलं नाही.

पहिलं कोटेशन धरमपेठेतल्या मोनाली गजभिये यांचं. तिशीची मुलगी, टेबल स्वच्छ, बोलणं मुद्द्याचं. मला ती लगेच पसंत पडली.

"काय त्रास होतो?" तिने मला विचारलं.

"बैठक नाही त्याले," भैय्याजी म्हणाले.

"मी यांना विचारलं."

"विचारा ना. पण पेशंटले कधी आपली बिमारी सांगता येते का मॅडम? तो तर म्हणन मले काही झालं नाही."

मोनालीने भैय्याजींना बाहेर बसायला सुचवलं. भैय्याजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मीच म्हटलं, राहू द्या मॅडम, यांच्यापासून काही लपलेलं नाही, आमची भिंत एकच आहे.

तिची पद्धत विचारांची. ती म्हणाली की माणूस घटनेमुळे उठत नाही, घटनेबद्दलच्या विचारामुळे उठतो. नळ गळतोय ही घटना. 'मी पाहिलं नाही तर घर बुडेल' हा विचार. तो विचार पकडायचा, त्याला पुरावा मागायचा. "एकदा करून बघा," ती म्हणाली. "नळ गळू द्या आणि बसून राहा. काय होतं ते पाहू." आणि तोवर, दर वेळी उठावंसं वाटलं की कोणता विचार आला ते लिहून ठेवायचं.

पुरावा मागायची कल्पना मला फार आवडली. मी भांडारातला माणूस, पुराव्याशिवाय मी कोणाला डिंकाची बाटली दिलेली नाही. घरी येऊन मी मन लावून लिहायला बसलो. अडचण एवढीच की उठावंसं वाटलं की लिहायचं, आणि लिहायला पेन आणायला उठायचं. पेन सापडलं तर चष्मा आतल्या खोलीत. त्या संध्याकाळी मी आजवरचं सगळ्यात जास्त उठलो. भैय्याजी भिंतीवरून पाहत होते. "याच्यापेक्षा ते फोटोवालं बरं होतं गा," ते म्हणाले. नळ गळू देऊन बसायचा प्रयोग मी केलाच नाही, कारण नळ गळतोय हे माहीत असताना कोण बसेल?

दुसरं कोटेशन रामदासपेठेतल्या डॉक्टर देवपुजारींचं. वयस्क गृहस्थ, पांढरे केस, खोलीत एक लांबलचक दिवाण. त्यांची पद्धत खोलात जाण्याची. ते म्हणाले, आडवे व्हा आणि जे मनात येईल ते बोला. मग ते माझ्या डोक्यामागे जाऊन बसले आणि गप्प झाले.

मी वाट पाहिली. ते गप्पच. समोर भिंतीवर एक तसबीर वाकडी लटकली होती. मी मनात म्हटलं, वसंता, ती तुझी नाही. मग म्हटलं, पण वाकडी तर आहे. मी उठलो, तसबीर सरळ केली, येताना पंख्याचं बटण एकने कमी केलं आणि पुन्हा आडवा झालो.

"लहानपणी घरात स्वस्थ कोण बसत नसे?" मागून आवाज आला.

"याचे वडील," भैय्याजी कोपऱ्यातून म्हणाले. माझे वडील त्यांनी पाहिलेलेही नाहीत. पण डॉक्टरांनी "अच्छा" म्हटल्यावर त्यांना जोर चढला आणि त्यांनी माझं सगळं बालपण सांगून टाकलं. त्यात एक विहीर होती, एक कडक काका होते. मी दिवाणावर पडून ऐकत होतो. इतकं ठासून सांगत होते की क्षणभर मलाही तो काका आठवला.

शेवटी मी उठून बसलो आणि सरळ विचारलं, डॉक्टर, काम किती दिवसांत पूर्ण होईल? डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षं धरून चला. मी म्हटलं, बायको कुहीला आहे, तिला काय सांगू? ते उठले. दारापर्यंत सोडायला आले आणि चपला घालताना हळूच म्हणाले, "ढोबळेसाहेब, तुम्ही उठता तेव्हा कोणापासून उठता, तेवढं बघा."

मला संताप आला. मी कोणापासून कशाला उठेन? मी नळासाठी उठतो, कूलरसाठी उठतो. परतताना मी स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाकली. सिग्नलला त्यांनी विचारलं, "कोणापासून म्हणजे काय म्हणे तो?" मी म्हटलं, फी घेतली तर काहीतरी बोलावं लागतं. पण ते वाक्य खिशातल्या त्या स्क्रूसारखं सोबत राहिलं. घरी येऊन कौशल्याला फोन लावला. "बसता येते का?" तिने पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं, दोन कोटेशन आली आहेत, तिसरं बाकी आहे. मग ती म्हणाली, "ठेवते. अंकुशच्या पोरी जेवायच्या आहेत." त्या रात्री मला घर फार मोठं वाटलं. मी डबे पुन्हा लावले नाहीत, एवढं मात्र झालं.

तिसरं कोटेशन प्रतापनगरच्या अरुंधतीताईंचं. साठीच्या बाई, सुती साडी. अंगणात मोगरा, आतल्या खोलीत चार खुर्च्या आणि कुठल्याशा न्हाणीघरातून नळाची टिपटिप. आल्या आल्या मी म्हटलं, "ताई, तुमचा नळ गळतोय, पाना आहे का?" त्या म्हणाल्या, "गळू दे. तुम्ही बसा."

त्यांची पद्धत निराळीच. मी म्हटलं, मला फार बेचैन वाटतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला फार बेचैन वाटतं. मी म्हटलं, घरात करमत नाही. त्या म्हणाल्या, करमत नाही. मी भैय्याजींकडे पाहिलं. हे तर आम्ही आणलेलं सामान आम्हालाच परत देणं झालं. पण त्या पाहत अशा होत्या की माझं बोलणं थांबेना. मी म्हटलं, कौशल्या नसली की चहा कोणत्या कपात घ्यायचा तेसुद्धा कळत नाही. हे मी ठरवून म्हटलेलं नव्हतं.

तेवढ्यात भैय्याजींचा फोन वाजला, पिंटूचा, दुकानातून. ते बोलायला बाहेर गेले. ताईंनी एक रिकामी खुर्ची उचलून माझ्यासमोर ठेवली.

"समजा यात कौशल्याताई बसल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना जे सांगायचं आहे ते सांगा."

"नसलेल्या माणसाशी बोलायचं?"

"असलेल्या माणसाशी बोलून झालं ना."

मला लाज वाटली, पण तिसरं कोटेशन अर्धवट सोडता येत नाही. मी घसा साफ केला. "कौशल्या, कूलर दुरुस्त झाला आहे. एक स्क्रू उरला, पण चालतो. दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगितलंय. सिलिंडर—"

"हा अहवाल झाला," ताई म्हणाल्या. "मनातलं सांगा."

मी खुर्चीकडे पाहत बसलो. मनात काही येईना. म्हणजे येत होतं, पण पुन्हा सिलिंडरच. शेवटी मी डोळे मिटले आणि म्हटलं, "तू काहून गेली?"

"कुठं गेलो? पिंटूचा फोन होता ना, बाहेर उभा होतो," उत्तर आलं.

डोळे उघडले तर समोरच्या खुर्चीत भैय्याजी. बिचाऱ्यांची काय चूक? खोलीत आले, एक खुर्ची रिकामी दिसली, बसले. आमच्याकडे रिकामी खुर्ची माणसानं बसायलाच ठेवलेली असते.

ताईंनी त्यांना समजावलं की या खुर्चीत सध्या कौशल्याताई आहेत. भैय्याजींनी दोन मिनिटं विचार केला. मला वाटलं, आता उठतील. ते उलट सरसावून बसले.

"असं होय. मंग भाभीच्या वतीनं मी सांगतो ना. आमची भिंत एकच आहे." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे पाहा वसंतराव, मी रोज ऐकून राहिलो. भाभी चहा आणते, बसते, म्हणते, अहो ऐकलं का. की तुमची चप्पल वाजते. चप्पल वाजली की भाभी चूप. मंग तुमचं हातोडी शोधणं सुरू. तुम्ही परत आले की भाभी म्हणते, काही नाही. रोजचं काही नाही आहे तिचं. भिंतीपलीकडं बसून मले वाटते, जाऊन या माणसाचे पाय बांधून टाकावे."

मी ताईंकडे पाहिलं, ताईंनी मान हलवली, जणू हे पद्धतीतच बसतं. माझे कान तापले होते. मी काय उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "भैय्याजी, आता खुर्ची रिकामी करता का?"

भैय्याजी उठले. पण गेले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मॅडम, यात कोणालेही बसवता येते का?"

"हो."

"आता या जगात नाही, तिलेही?"

"हो," ताई म्हणाल्या.

भैय्याजी माझ्याच शेजारच्या स्टुलावर बसले. इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट केली. मी त्यांच्या इतका जवळ होतो की मला उठायचं असतं तर त्यांच्या गुडघ्यावरून जावं लागलं असतं.

"मीरा," ते म्हणाले. "पिंटू म्हणते तुझ्या साड्या कपाटातून काढा. मी दुकानात इतक्या साड्या विकल्या, मले त्या काढता येऊन नाही राहिल्या." त्यांनी पुन्हा बाही नीट केली. "त्या दिवशी सकाळी तू म्हणली होती, आज थोडं बसा ना, मले कसंतरी वाटून राहिलं. मी म्हणलं, पहिल्या गिऱ्हाइकाची बोहणी करून येतो. बोहणी करून येतो म्हणलं मी तुले. अन् त्या दिवशी बोहणीही झाली नाही. पिंटूचा फोन आला, मी शटर अर्धं टाकूनच निघालो." मग ते बराच वेळ बारीकसारीक बोलत राहिले. तिच्या हातच्या पाटवडीबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल, माझ्या घरचा चहा गोड असतो पण तिच्यासारखा नाही याबद्दल. मला राग यायला हवा होता, कारण वेळ माझी होती. न्हाणीघरातला नळ टिपटिपत होता. मी तो ऐकत होतो आणि त्याहून जास्त भैय्याजींचं ऐकत होतो. रडू आलं मला, हेही सांगून टाकतो. वर्षभर हा माणूस आमच्याकडे चहा प्यायला येत होता आणि मी त्याला मीराबाईंबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

वेळ संपली तेव्हा ताई मला म्हणाल्या, "तुम्ही एकदाही उठला नाहीत."

"उठणार कुठून? हे मधे होते," मी म्हटलं.

तक्ता घरी गेल्यावर पूर्ण करायचा होता, पण त्या दिवशी झाला नाही. कोणाच्या नावासमोर काय लिहावं हेच कळेना. तिसऱ्या ठिकाणी इलाज माझा ठरला होता आणि झाला भैय्याजींचा, अशा खरेदीला कोणत्याच नियमात रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुहीला निघालो. सवयीने भिंतीवरून हाक मारली, "येता का भैय्याजी?"

"नाही गा," भैय्याजी म्हणाले. "हे एकट्यानंच जा. मी आलो की मीच बोलन." आणि घड्याळ पाहून म्हणाले, "अन् मले चारले ताईकडे जायचं आहे. माझा नंबर लागला आहे."

कुहीच्या बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती. खिशात स्क्रू होता, तो तिथं बसलाही असता. मी हात खिशातच ठेवला. हा थोडा अभ्यास झाला असं समजा.

अंकुशच्या घरी पोचलो तेव्हा कौशल्या मागच्या अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली नाही. बाजेच्या कडेला थोडी सरकली.

"दाखवलं?"

"तिघांना."

"तिघायले काहून?"

"कोटेशन."

ती हसली. सगळं चुकलं तरी ती हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिघांची तुलना सांगायला लागलो. विचारांवाली पद्धत, खोलातली पद्धत, खुर्चीवाली पद्धत. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मी होळीपासून जाऊन राहिली."

"कुठं?"

"अशाच एका बाईकडे. बर्डीच्या मागं. दर मंगळवारी, भाजीची पिशवी घेऊन."

मंगळवारी ती भाजीला इतका वेळ लावते म्हणून मी एकदा बोललो होतो. "एकटी?" मी विचारलं.

"एकटीच. सोबत कोणाले नेलं असतं तर बोललं त्यानंच असतं." ती तांदळातला एक खडा उचलून लांब टाकत म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाले हेच सांगायचं होतं. टेबलापाशी."

माझ्या मनात प्रश्नांची रांग लागली. बाई कोण, पद्धत कोणती, मला का सांगितलं नाहीस, मी कधी नाही म्हटलं असतं का. सगळे प्रश्न तोंडाशी आले. तेवढ्यात अंगणातल्या नळाला पाणी आलं. कोणीतरी तोटी उघडीच ठेवली होती, खाली बादली होती, आणि पाणी धो धो पडायला लागलं.

कौशल्याने नळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. 

"तुमची नोकरी होती तेव्हा मले वाटे, रिटायर झाले की बोलू," ती म्हणाली. "किती गोष्टी ठेवून दिल्या होत्या मी. आईची, आपलं पोरगं जगलं नाही तेव्हाची, कशाकशाची. तुम्ही घरी आले अन् तुम्हाले घरात नळ दिसला, कूलर दिसला, टेबल दिसलं. मीच नाही दिसली. मंग मी त्या बाईले सांगू लागली. पण ते सगळं तिच्यासाठी ठेवलेलं नव्हतं ना हो."

डॉक्टर देवपुजारींचं ते दारातलं वाक्य मला आठवलं आणि या वेळी राग आला नाही. पोराबद्दल आम्ही दोघं कधी बोललोच नव्हतो. तेव्हा मी ऑफिसात जास्त थांबायला लागलो होतो, इतकंच आठवतं.

बादली भरली. पाणी काठावरून सांडायला लागलं. आतून अंकुश ओरडला, "नळ बंद करा गा कोणीतरी." पाणी अंगणातून वाट काढत बाजेखाली आलं, माझ्या चपलांना लागलं, त्यातली एक हलली आणि तरंगत तुळशीकडे निघाली. कौशल्या बोलायची थांबली आणि माझ्या चपलेकडे पाहू लागली.

मी पाय वर घेतले, बाजेवर मांडी घालून बसलो आणि म्हटलं, "मंग?"